हौसेचे दुखणे

दिल्लीत २००५ पासून भरणारी २१ किलोमीटरांची अर्धमॅरेथॉन आम्ही गतवर्षी जिद्दीने पुरी केली. पुढे रोज सकाळी जमिनीवर पहिले पाऊल ठेवताच टाचेत कळ उठू लागली. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा चिवट पट्टा अतिताणाने दुखावतो, असे डॉक्टर म्हणाले. पोटरी ताणण्याचे व्यायाम, जाड तळाचे बूट, आणि काही महिने धावणे बंद. उपचार सोपा होता.

वैद्यकीय रजेचा अर्ज लिहावयास बसलो तो लेखणी अडली. हौसेने पदरात घेतलेल्या दुखण्याचा भार शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने का वाहावा? प्रमाणपत्रात दुखण्याचे नाव असते, ते कोठून आले हे नसते. कर्तव्यपथावर आम्ही सराव करीत असता तेथे तासन्‌तास उभा असणारा पहारेकरी आठवला. दीर्घकाळ उभे राहण्यानेही हीच व्याधी जडते. त्याला ती पोटासाठी, आम्हांस शौकासाठी. पंढरीच्या वाटेवर पायांना फोड आणणाऱ्या वारकऱ्याचे दुखणेही स्वखुशीचेच. पण तो ते कोणाच्या खाती मांडीत नाही.

अखेर आम्ही अर्जित रजेचे चार दिवस मागितले. कारणाच्या रकान्यात मात्र ‘घरगुती काम’ असे लिहिले. ही लबाडी कोणत्या सदरात घालावी, हे अद्याप ठरलेले नाही.