नाडी बघणारा हात

गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जो दगड रोज आपल्या डोक्यात घालतात, तो दोस्तहो, एकदा उलटा करून बघू.

अमेरिकेत पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तिथली हिल डिस्ट्रिक्ट ही काळ्यांची वस्ती. माणूस कोसळला की पोलिसांची गाडी यायची. त्याला मागं टाकायचं, पोलीस पुढं बसायचे. मागं श्वास चालू आहे की थांबला, बघणार कोण?

१९६७ साली वस्तीत फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. पीटर सफार या डॉक्टरनं वस्तीतलीच पोरं घेतली. कुणी शाळा सोडलेला, कुणी व्हिएतनामहून आलेला, कुणी तुरुंग बघून आलेला. नोकरीच्या लायकीची नाहीत, असा शिक्का बसलेली. सुमारे ३०० तासांचं शिक्षण दिलं. शरीररचना, रक्त थांबवणं, छाती दाबून हृदय चालू ठेवणं, सगळं. पहिल्याच वर्षी ही पोरं सुमारे ५८०० हाकांना धावली. काही गोरे रोगी तशातही म्हणायचे, हात लावू नको. मरता मरता बाटायची भीती! हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढं नॅन्सी कॅरोलिन या डॉक्टर बाईनं यांच्याबरोबर काम करून देशभरासाठी अभ्यासक्रम लिहिला. आणि १९७५ साली शहरानं स्वतःची सेवा काढून फ्रीडम हाउस बंद पाडलं. ज्यांच्या कामावरून धडे तयार झाले, त्यांचीच परीक्षा! नवशिक्या गोऱ्यांच्या हाताखाली उभं केलं. बरेचजण गळाले. म्हणजे गुणवत्ता सिद्ध केली की भागतं, हे खोटं. मोजपट्टी ज्याच्या हातात, तो ती पुन्हा लांब करतो.

पण इथं मीच अडखळतो. त्यांनी जीव वाचवले म्हणून त्यांना माणूस म्हणा, असं तर मी बोलत नाही ना? मग ज्यानं एकही जीव वाचवला नाही, गटारात उतरून जो गेला, त्या आपल्या बापाचं काय? १९२७ साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले, ते चांगल्या वागणुकीचं बक्षीस मागायला नव्हे.

तेव्हा शिकायचं ते कुणाला पटवायला नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. पण हृदय थांबल्यावर मेंदूला धक्का बसायला चार-पाच मिनिटं पुरतात, आणि आपल्या गल्लीत गाडी वळत नाही. विहारात रविवारी जाणता डॉक्टर बोलवा, सरावाचा पुतळा मागून आणा. पोरींनाही बसवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत हात भरून येतात. मग दुसऱ्यानं घ्यायचं.