कृत, कारित, अनुमोदित

वऱ्हाडातील अन्य जिल्ह्यांप्रमाणे बुलढाण्यातही पारध्यांचे बेडे, म्हणजे बहुधा गावकुसाबाहेरच्या वस्त्या, आहेत. आणि द्वेषमूलक वाणीवर लक्ष कोणी व कसे ठेवावे, या प्रश्नाचा विचार तेथूनच सुरू करणे उचित ठरते, कारण नजरेखाली जगणे म्हणजे काय, हे या समाजाने भोगले आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा करताना असा युक्तिवाद झाला होता की जातीचा धंदा जसा पिढीजात चालतो, तसा गुन्हाही चालतो. 1911 मध्ये कायद्याची व्याप्ती देशभर वाढली आणि नोंदवही, बोटांचे ठसे व पोलिसांपुढील हजेरी ही त्याची साधने ठरली. 1952 मध्ये तो रद्द झाला, पण ‘पारधी म्हणजे चोर’ हे समीकरण बोलण्यातून गेले नाही. वस्तुतः या कायद्याने कर्मसिद्धान्ताचे विडंबनच केले, कारण त्याने कर्त्याशिवाय कर्म मानले.

याउलट जैन विचारात आणि योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि संमती दिलेली, असे तीन भेद मानले आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले, तेव्हा व्हॉट्सॲपवरून अफवा पुढे ढकलणारा, मारणारा आणि बघत उभा राहणारा हे तिघेही या विभागणीत आपापल्या जागी सापडतात. शासकीय नोंद मात्र पहिल्याच पायरीवर अडखळली: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2017 च्या अहवालात झुंडबळींची स्वतंत्र आकडेवारीच दिली गेली नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांनी काहीच केले नव्हते, त्यांची हजेरी लागे. येथे ज्यांनी केले, त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीच्या यात्रेत सर्व धर्मांचे लोक एका दर्ग्यावर येतात, म्हणून बुलढाणा द्वेषमुक्त मानण्याची घाई पुष्कळदा होते. पण यात्रा काही दिवसांची असते आणि चावडीवरचे बोलणे बारमाही.

द्वेषपूर्ण भाषणाबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना लागू झाला. तो कृतापर्यंत आणि फार तर कारितापर्यंत पोहोचतो. अनुमोदनाचा माग शासनाने काढावा, अशी अपेक्षा धरणे धोक्याचे आहे, कारण मनातील संमती नोंदवणारी वही 1911 च्या वहीपेक्षा फारशी वेगळी नसेल, आणि ती प्रथम कोणाच्या वस्तीत उघडली जाईल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. जैन आचारातील प्रतिक्रमण, म्हणजे मन, वाणी व काया यांनी झालेल्या दोषांची स्वतःच घेतलेली झडती, अनुमोदित दोषही मोजते. तेथे पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच असतो, म्हणून ती नजर दुसऱ्याच्या बेड्याकडे वळू शकत नाही.