कौशल्य, फळ आणि चौकटीतली मोकळी फळी



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५०.

सत्तेचाळिसावा श्लोक सगळ्यांना पाठ असतो. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हे आपण कॅलेंडरवर वाचतो, स्टेटसला ठेवतो, परीक्षेत नापास झालेल्या मुलाला ऐकवतो. पण तिथून फक्त तीन श्लोक पुढे भगवंत योगाची आणखी एक ओळख सांगतात, कर्मातलं कौशल्य म्हणजे योग, आणि तिथे फारसं कुणी थांबत नाही. मला वाटतं ४७ आणि ५० एकत्र वाचल्याशिवाय गाडी पुढे जातच नाही.

माझा भाचा हिंजवडीला आयटीत आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याने सरळच विचारलं, "मामा, फळाची अपेक्षा सोडायची ना? मग काम एवढं मन लावून कशाला करायचं? चालण्याइतकं केलं, झालं. उगाच जीव कशाला आटवायचा?" प्रश्न उद्धट वाटेल, पण प्रामाणिक आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात तो असणार, फक्त सत्संगात विचारायला लाज वाटते.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. पडवीत घेऊन गेलो आणि देव्हाऱ्याचं दार दाखवलं.

इथे थोडं माझ्या दिवसांबद्दल सांगावं लागेल. निवृत्तीनंतर आम्ही दोघं वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या अंगाला राहायला आलो. कार्तिकात पहाटे देवळात काकडा असतो. तो आटपून घरी येईपर्यंत उजाडतं. भात कापून झालेलं आहे, खाचरं मोकळी दिसतात, सकाळी धुकं पाण्यावरून हलायला नऊ वाजतात. पडवीत ऊन आलं की मी रंधा, पटाशी, करवत, गुण्या मांडून बसतो. लाकूडकाम मी उशिरा शिकलो, शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली. तो पगार घेत नसे आणि कौतुकही करत नसे.

त्याने पहिल्यांदा शिकवलं ते हे, की लाकूड तोडल्यावरही थांबत नाही. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, थंडी पडली की सुकून आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, रुंदीत पडतो. एक फूट रुंद सागवानी फळी जुलै ते जानेवारीत दोन-तीन मिलिमीटर सहज सरकते. तुमच्या जुन्या घराचं दार श्रावणात अडकतं आणि पौषात खुळखुळतं ते याचमुळे. म्हणून दाराची चौकट करताना कोपऱ्यातलं कुसू खाचेत इतकं घट्ट बसवायचं की हलता कामा नये, पण मधली फळी मात्र खोबणीत नुसती सोडायची. तिला सरस नाही, खिळा नाही. ती चारी बाजूंनी धरलेली असते आणि तरी मोकळी असते. नवशिका माणूस घट्टपणाच्या हौसेने फळीही चिकटवतो. मग पहिल्याच हिवाळ्यात ती मधोमध तडकते, आवाज करून.

भाच्याला म्हटलं, "कुसू बघ आणि फळी बघ. दोन्ही एकाच दारात आहेत."

तो हुशार आहे, म्हणाला, "म्हणजे काम घट्ट आणि फळ मोकळं?"

बरोबर, पण इतकं सोपं नाही. उपमा हातात आली की प्रश्न सुटला असं वाटतं, म्हणून मला जरा भीती वाटते उपमांची. शिवाय आचार्यांनी 'कौशल्य' या शब्दाचा अर्थ कारागिरी असा केलेलाच नाही, हेही सांगितलं पाहिजे. शांकरभाष्यात कौशल्य म्हणजे समबुद्धी: जे कर्म एरवी बांधून टाकतं, तेच समत्वामुळे बांधेनासं होतं, ही ती हातोटी. लोकमान्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं. तेही योग म्हणजे कर्म करण्याची युक्ती असंच धरून चालतात. त्यामुळे 'गीता सांगते काम चोख करा' एवढाच अर्थ काढून कंपनीच्या भिंतीवर हा श्लोक लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. चोख काम तर लोभी माणूसही करतो. किंबहुना जास्त चोख करतो.

मग मन लावून करायचं कशासाठी?

आता देव्हाऱ्याची गोष्ट. पाडलेल्या एका जुन्या घराचं सागवान मला मिळालं होतं. तुळया काळ्याठिक्कर, पण आत रंधा मारला की मधासारखा रंग. त्याचा मी मुलासाठी देव्हारा केला. माप त्याच्या घरातलंच, त्यानेच पाठवलेलं. चार महिने लागले. देव्हाऱ्याची पाठ भिंतीला लागते, ती कुणाला दिसणार नाही, तरी तिलाही पुढच्याइतकाच रंधा मारला. दरम्यान मुलाने घर बदललं. नवं घर ऑफिसजवळ, पण लहान. फोनवर तो म्हणाला, "बाबा, खूप सुंदर झालाय हो, पण इथे खरंच मावणार नाही." सुनेने भिंतीवर बसणारं छोटं मंदिर घेतलं होतं. दोघांचंही चुकलं नाही. तरी दोन रात्री मला झोप आली नाही.

पुष्कळ जण म्हणतील, हीच आसक्ती! गीता वाचता आणि एवढ्याने कासावीस होता? मला हे पटत नाही. वाईट वाटणं म्हणजे आसक्ती, असं भगवंतांनी कुठे म्हटलंय? स्थितप्रज्ञ दुःखात उद्विग्न होत नाही असं त्याच अध्यायात येतं, ते मान्य; पण उद्वेग न होणं आणि दुःखच न होणं या दोन गोष्टी आहेत. ज्याच्यासाठी काहीतरी केलं त्याच्यावर प्रेम असेल तर ते पोचलं नाही म्हणून दुखणारच. प्रश्न एवढाच, की त्या दुःखामुळे मी काय करतो. मुलाला टोमणे मारतो का? पुढचं काम उरकून टाकतो का? 'एवढं करून काय उपयोग' म्हणून पटाशीला धार लावायचं सोडतो का?

तेव्हा मला अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक आठवला. कुठलंही कर्म पुरं व्हायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. माझ्या पडवीत हे मोजता येतं. जागा आहे, मी आहे, हत्यारं आहेत, हातांचं मागे-पुढे होणं आहे. पाचवं माझ्या हातात नव्हतं. मुलाचं घर बदलणं त्या पाचव्यात आलं. पण एक पाचवं माझं नाही म्हणून उरलेल्या चारांत मी कमी पडावं, असं कुठल्याही श्लोकात लिहिलेलं नाही. भाच्याच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. आपण फळ सोडतो ते बहुतेक वेळा काम अर्धवट सोडण्यासाठी निमित्त म्हणून. गीतेत निमित्त हा शब्दही येतो, पण तो फार वेगळ्या अर्थाने!

कीर्तनात नरहरी सोनारांची कथा ऐकली असेल. सावकाराने आणून दिलेल्या मापाने त्यांनी पांडुरंगासाठी सोन्याचा करगोटा केला. तो एकदा आखूड पडला, एकदा सैल झाला. कथेचा मुख्य मुद्दा हरिहर एकच, हा आहे आणि तो तसाच राहू द्या. मी मात्र हल्ली दुसरीकडेच अडकतो. दोन्ही वेळा करगोटा उत्तमच घडवलेला असणार. नरहरींच्या हातात खोट नव्हती. काम चोख होऊनही ते बसत नाही, असंही होतं, आणि त्यानंतर माणूस पुन्हा भट्टी पेटवतो का, ते मला बघावंसं वाटतं.

देव्हारा अजून पडवीतच आहे, जुन्या धोतराखाली झाकलेला. ही म्हणते देवळात देऊन टाका. मी ठरवलेलं नाही. दिला तर मनातून दिला पाहिजे. 'उद्या मुलाने मोठं घर घेतलं तर' असं म्हणत अर्धा हात मागे ठेवून दान होत नाही, आणि तो अर्धा हात अजून मागे आहे, हे मला कळतं.

काल थंडीने दाराची फळी थोडी आकसलेली दिसली. पण कडेला कोरं लाकूड उघडं पडलं नाही, कारण जवसाचं तेल फळी चौकटीत बसवण्याआधीच कडांपर्यंत लावलं होतं. म्हाताऱ्याची शिकवण.

भाचा मार्गशीर्षात, गीता जयंतीच्या सुमारास दोन दिवस येतोय. एक पाट करायचा म्हणतो. आंब्याची फळी वर्षभर माळ्यावर सुकते आहे, ती काढून ठेवलीये. पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या त्यानेच कापायच्या, मी हात लावणार नाही.

उद्या श्लोक ५१.