आमोसची यादी आणि मराठवाडा

तकोवाचा मेंढपाळ आमोस, उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस, इ. स. पूर्व आठव्या शतकात इस्राएलच्या राज्यात जाऊन बोलू लागला, तेव्हा सुरुवातीला त्याचे बोलणे लोकांना गोडच लागले असणार. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशा एकेका शेजाऱ्याचे पाप तो मोजत गेला. गज्जाने वस्त्याच्या वस्त्या गुलामीत विकल्या. मवाबचा गुन्हा तर इस्राएलविरुद्ध नव्हताच. त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून चुना केला होता आणि देवाला तेही खपले नाही. मग यहूदाची पाळी आली, आणि शेवटी सर्वांत लांब आरोपपत्र खुद्द ऐकणाऱ्यांवर: गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकता, गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीजवळ लवंडता. पुढे बेथेलचा याजक अमस्या याने त्याला राज्यातून चालते व्हायला सांगितले, यात नवल नाही.

आमोसच्या यादीचा हा क्रम ख्रिस्ती प्रवचनांत बहुधा गळून पडतो. ‘राष्ट्राचे पाप’ म्हटले की दारू, सिनेमा, परक्यांची दैवते आठवतात. पाप नेहमी रस्त्यापलीकडे असते. महाराष्ट्रात तर आणखी एक पळवाट मिळते. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती माणसे जेमतेम एक टक्का. मूठभर लोकांनी राष्ट्राच्या पापाची उठाठेव का करावी, असे म्हणून गप्प बसता येते. शास्त्र यांतली एकही सवलत देत नाही.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, ‘राष्ट्राचे पाप’ म्हणजे काय ते शिकायला लांब जावे लागत नाही. इथल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि काही दिवसांत मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे सोळाव्या वर्षी. घरे जाळणारे हात काही गावांतल्या काही लोकांचे होते. पण ‘आपला काय संबंध’ म्हणत दार लावून घेणारी घरे कितीतरी अधिक असणार. संदेष्टे ज्याला राष्ट्राचे पाप म्हणतात ते या दोन्हींचे मिळून होते. सदोमाचा दोष सांगतानाही यहेज्केल गर्व, भरपूर अन्न, निवांतपणा आणि गरिबाला न दिलेला हात, हेच पुढे मांडतो.

मग यादी घरावर येते. घोगरगावपासून जालन्यापर्यंत या भागातल्या मंडळ्या मुख्यतः गावकुसाबाहेरच्या माणसांनी उभ्या केल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शीख व बौद्ध दलितांना त्या १९५६ आणि १९९० मध्ये मिळाल्या. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण देशातल्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे, हेही कबूल केले. स्थळ बघताना मूळ जात विचारली जाते, हे कोणत्याही मंडळीतल्या माणसाला ठाऊक असते. एका मेजावर प्रभुभोजन आणि सोयरिकीला वेगळे मेज, हे आमोसच्या वेदीजवळच्या त्या वस्त्रांसारखेच आहे.

विश्वासू राहण्याची रीत दानीएलच्या प्रार्थनेत सापडते. बाबेलात बसलेला हा माणूस वाडवडिलांच्या पापाची कबुली देताना ‘त्यांनी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. तरीही ‘आम्ही’ म्हणणारा मुका होत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यातल्या सरकारी प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची कशी दैना होते, ते ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून मांडले. आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे काय झाले, तेही त्यात होते. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि रमाबाईंच्या कामाला परदेशी ख्रिस्ती माणसांच्या पैशांचा आधार होता. म्हणून त्या पत्राचे मोल मोठे. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली आणून त्या त्यांना सांभाळतही होत्या. ज्या व्यवस्थेविषयी त्या बोलत होत्या, तिच्या तडाख्यात त्यांचीच माणसे सापडली होती.

नहेम्याचा पाचवा अध्याय यापुढचे पाऊल दाखवतो. यरुशलेमेची तटबंदी बांधली जात असताना धान्यापायी शेते, द्राक्षमळे आणि मुलेबाळे गहाण पडली होती. नहेम्या सरदारांवर संतापतो, पण आपण आणि आपल्या भाऊबंदांनीही कर्ज दिले आहे, हे भर सभेत सांगून मग त्याच दिवशी शेते परत करायला लावतो. संभाजीनगरच्या मंडळ्यांनाही अशी सभा घेता येईल. चर्चच्या शाळांत कोणाची फी माफ झाली, कमिटीवर कोणत्या वस्तीतली माणसे आहेत, चर्चचा झाडूवाला आणि शाळेचा शिपाई यांना किमान वेतन मिळते का, हे वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर वाचून दाखवावे आणि जिथे चुकते तिथे त्याच बैठकीत ठराव करावा.