सुमनताई असं म्हणाल्याच नव्हत्या

“मला वाचायचा कंटाळा येतो हो. कुणी बोलून सांगितलं तर बरं पडतं.”

हे वाक्य सुमनताईंचं आहे, असं आमच्या ऑफिसात गेली चार वर्षं सगळे मानतात. एका कागदाच्या डोक्यावर, जरा मोठ्या अक्षरात, अवतरणचिन्हांत ते छापलेलं आहे. खाली फोटो. वय ३६, शिक्षण सातवी, बचत गटाच्या सभासद, नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, दोन मुलं. सुमनताई नावाची बाई कुठेच नाही. आणि ते वाक्य मी लिहिलं, एका बुधवारी रात्री साडेअकराला, कारण कागदाच्या तयार साच्यात अवतरणासाठी एक चौकट होती आणि ती रिकामी बरी दिसत नव्हती.

आमच्या कामात या कागदाला पर्सोना म्हणतात. एखादी वस्तू बनवायला घेण्याआधी ती वापरणार कोण, ते असं लिहून ठेवायचं की टीममधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभं राहावं. पद्धत चांगली आहे, आजही मी तिच्या बाजूने भांडेन. नुसतं ‘युजर’ म्हटलं की तो रबरासारखा ताणला जातो. कोड लिहिणाऱ्याला एखादी गोष्ट सोपी करायचा कंटाळा आला की युजर हुशार होतो, आणि विक्रीवाल्याला जादा बटण हवं असलं की तोच युजर भाबडा होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅलन कूपर यांनी पुस्तकातून पर्सोनाची पद्धत मांडली, ती या ताणाताणीला वैतागूनच.

पण तिचं मूळ आणखी मागे, १९८३ सालात आहे. कूपर तेव्हा प्रकल्पांच्या नियोजनाचा एक प्रोग्रॅम लिहीत होते. संगणक मंद. प्रोग्रॅम कंपाइल होत असे तोवर ते जवळच्या गोल्फच्या मैदानात फेऱ्या मारत आणि चालता चालता कॅथी नावाच्या बाईचं सोंग घेऊन स्वतःशीच बोलत. हे कशाला हवं, ते इथे का नाही, वगैरे. ही कॅथी खरी होती. एका जाहिरात कंपनीत कामाला होती आणि कूपर तिच्याशी बसून सविस्तर बोलले होते. मला या गोष्टीतलं मैदान किंवा सोंग तितकं महत्त्वाचं वाटत नाही. सोंगातली कॅथी कूपरना ‘नाही’ म्हणू शकत होती, कारण मैदानाबाहेर ती खरोखरच होती. माझ्या सुमनताईंनी चार वर्षांत मला एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. फार गुणाची बाई.

आम्ही बचत गटांच्या हिशोबाचं अ‍ॅप करत होतो. दहा-वीस बायका महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात, आणि व्याज गटातच राहतं. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून वह्यांना मोल आलं. वह्या चोख असल्या तर बँक पुढे बोलते. त्या लिहिण्याचा ताप कमी करावा ही आमची कल्पना वाईट नव्हती, आणि हे मी स्वतःला सोडवण्यासाठी म्हणत नाहीये.

मी सहा जणींशी बोलले. सगळ्या सिन्नर तालुक्यातल्या, गटांचं काम पाहणाऱ्या एका सहयोगिनीने जमवून दिलेल्या. दोघींना प्रत्यक्ष भेटले, चौघींशी फोनवर बोलले. ती वही अजून माझ्याकडे आहे, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात वाचायचा कंटाळा कुठेच नाही. उलट एकजण म्हणाली होती, “लिहिलेलं दाखवा, तोंडी नको, तोंडी माणूस फिरतं.” आणि पाचव्या बाईचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवलं होतं: “मोबाइल घरात एकच, तो यांच्याकडे असतो. गटाचं मी घरी बोलत नाही.” या ओळीला मी समासात चौकोन केला आणि लिहिलं, ‘एज केस’. आमच्या बोलीत याचा अर्थ असा, की असं क्वचित होतं, आत्ता याचा विचार नको. सहातल्या एकीला मी क्वचित म्हटलं.

का? तर आवाज आधीच ठरला होता. अ‍ॅप उघडलं की बाईचा गोड आवाज हिशोब सांगणार, ही करामत आमच्या एका सहकाऱ्याने जीव लावून तयार केली होती. पैसे देणाऱ्यांना ती दाखवून झाली होती, त्यांना आवडलीही होती. राहिली होती ती फक्त हा आवाज हवा असणारी बाई. मला कुणी खोटं लिही असं सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, हे जास्त वाईट. खोलीतल्या सगळ्यांना काय ऐकायचंय हे मला कळत होतं, आणि ते बायकांच्या तोंडून वदवून घ्यायची कला हीच माझी नोकरी आहे असा माझा समज झाला होता.

त्या कागदावर ‘तंत्रज्ञानाची सवय’ असा एक मथळा आहे आणि समोर पाच ठिपके. सुमनताईंचे दीड ठिपके भरले आहेत. हा अर्धा कुठून आला? एक ठेवला तर ही बाई अ‍ॅप उघडेल हेच कुणाला पटलं नसतं, आणि दोन ठेवले तर आवाजाची गरज पटली नसती. म्हणून दीड. ‘उद्दिष्ट’ या रकान्यात मी लिहिलं, ‘डिजिटल सक्षमीकरण’. कूपर यांच्या पद्धतीत हा रकाना म्हणजे सगळ्याचं काळीज. वय, शिक्षण, मुलं हे सगळं नंतर. आधी या माणसाला साधायचं काय आहे ते. आणि त्या जागी मी असा शब्द ठेवला, जो सहा जणींपैकी एकीनेही उभ्या जन्मात उच्चारला नसेल. वहीत उद्दिष्टं होती की. घरात हात न पसरता पाचेक हजार उभे करता यावेत. आपला हप्ता चुकला तर चारचौघीत नाव निघू नये. ही वाक्यं स्लाइडवर नीट दिसली नसती.

फोटोचंही सांगून टाकते. तो विकतच्या फोटोंच्या साइटवरचा. हसरी, उन्हात डोळे बारीक केलेली बाई, पण राजस्थानची, कपाळावर बोर. मी फोटो वरून कापला. कपाळ अर्धं गेलं, बोर दिसेनासा झाला, आणि सुमनताई सिन्नरच्या झाल्या. रिव्ह्यूमध्ये कुणाला काही खटकलं नाही. “किती ऑथेंटिक,” असं एकजण म्हणालाही.

अ‍ॅप सुरू होऊन तीन महिने झाले असतील, सहयोगिनीचा फोन आला. त्याच तालुक्यातल्या एका गावातली एक बाई. पाचवी नव्हे, दुसरीच, जिच्याशी मी कधी बोललेच नव्हते. तिने धाकट्या बहिणीच्या फीसाठी गटातून आठ हजार घेतले होते आणि हळूहळू फेडत होती. घरी माहीत नव्हतं. फोन नवऱ्याच्या हातात, संध्याकाळी ओट्यावर चार माणसं बसलेली. त्याने सहज बोट लावलं आणि आमचा गोड आवाज खणखणीत बोलला: नमस्कार ताई, तुमच्याकडे गटाचे एवढे एवढे रुपये कर्ज बाकी आहे. घरात पुढे काय झालं ते सहयोगिनीने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आठवडाभराने मी गावात गेले. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गटाची बैठक होती. सचिवबाईंसमोर मांडीवर वही, कानामागे पेन. कुणीतरी विचारलं, साडेसात हजाराचं तीन महिन्यांचं व्याज किती? गटाचा दर महिना शेकडा दोन. मी फोनमध्ये कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत त्या म्हणाल्या, “साडेचारशे,” आणि पुढच्या नावाकडे वळल्याही. मग त्यांनी आमचं अ‍ॅप माझ्यासमोर धरलं. आम्ही तिथे व्याज वर्षाचं लावलं होतं, २४ टक्के. गणित बरोबरच होतं. “चोवीस टक्के? आम्ही काय सावकार आहोत का?” त्या हसत म्हणाल्या, पण दोन म्हाताऱ्या हसल्या नाहीत. अंगणवाडीतलं चित्र असावं तसं नाण्यांच्या मडक्याचं चित्र आम्ही व्याजापुढे काढलं होतं, दीड ठिपक्यांच्या बाईला समजावं म्हणून. समजायला हवं होतं ते ‘शेकडा’ एवढंच, आणि ते मला.

ती बाई दाराशी बसली होती. कर्ज फेडून टाकल्याचं कळलं, कसं ते नाही. मी तिच्याशी बोलायचं ठरवूनच गेले होते. प्रत्यक्षात मी काय केलं? सगळ्यांना मिळून चार प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, चहा प्यायले आणि पावणेपाचच्या एसटीने नाशिकला आले. प्रश्नावली हातात असली की माणसाला माफी मागावी लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्याला ऑफिसात परतल्यावर आवाज बंद करायचा आग्रह मी धरला, आणि तो बंद झालाही. नव्या आवृत्तीच्या टिपेत मी लिहिलं, ‘तांत्रिक कारणास्तव आवाजाची सुविधा तूर्त थांबवली आहे.’ हे दुसरं खोटं. पहिलं निदान घाईत झालं होतं, हे मी दोनदा वाचून, शुद्धलेखन तपासून लिहिलं.

मनाशी मी बऱ्याच पळवाटा काढून पाहिल्या आहेत. एक अशी, की पर्सोना म्हणजे शेवटी सरासरीच, त्यात एकेकीचं सगळं कसं मावणार. पण सरासरीचं काय होतं हे १९५० मध्येच दिसून गेलंय. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स या तरुणाने ४०६३ वैमानिकांची मापं तपासली होती. उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापं घेतली, आणि दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक एकही निघाला नाही. कॉकपिट मात्र त्या नसलेल्या वैमानिकाच्या बेताने बांधली जात होती. शिवाय माझी सुमन सरासरीसुद्धा नव्हती. सहा जणींची बेरीज करून सहाने भागलं असतं तरी ते वाक्य आलं नसतं.

दुसरी पळवाट डॉन नॉर्मन यांची. हाताशी माहिती नसताना अनुभवावरून झटपट बेतलेले पर्सोनाही कामाचे असतात, असं त्यांनी लिहिलंय, आणि मी ते मीटिंगांमध्ये पुष्कळदा वापरलंय. ते खरंही आहे. अंदाज बांधल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. पण अंदाजाच्या डोक्यावर ‘अंदाज’ असं लिहायचं असतं. मी त्याच्याभोवती अवतरणचिन्हं घातली. एवढीशी स्वल्पविरामाएवढी खूण, पण तिचा अर्थ, मी ऐकलं. मी ऐकलं नव्हतं. आणि जे ऐकलं होतं त्याला चौकोन करून ठेवला होता.

आता काम करते तेव्हा कागदाला उजवीकडे एक अरुंद रकाना सोडते. प्रत्येक ओळीसमोर वहीचं पान. पान नसेल तर ओळ पेन्सिलने. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त कागद पेन्सिलचा असतो आणि ते बघून साहेबलोक अस्वस्थ होतात, होऊ देत. आणखी एक ओळ मी नेमाने घालते: फोन कुणाचा, आणि स्क्रीनवर दुसरी नजर कुणाची. ‘एज केस’ हा शब्द अजूनही तोंडात येतो. तो आला की हल्ली मी निदान आकडा विचारते, कितीतली एक?

यामुळे मी सुधारले असं वाटण्याचा धोका आहे. परवाच टीममधल्या एका मुलाने यंत्राला सांगून मिनिटभरात पाच पर्सोना करून आणले. पाचही चकचकीत, पाचांच्याही डोक्यावर अवतरणं. मी झापायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या यंत्राने मिनिटात केलं ते मी हाताने, रात्री जागून, कपाळ कापून केलं होतं. त्याने निदान कुठून आणलं ते लपवलं नाही.

जुना कागद मी फोल्डरमधून काढलेला नाही. काढला तर कुणीतरी का म्हणून विचारेल. गेल्या महिन्यात नव्या टप्प्याची मीटिंग होती, आवाज परत आणायचा विषय निघाला. नुकतीच रुजू झालेली एक मुलगी, तयारीची, सगळं वाचून आलेली, म्हणाली, “पण सुमनताईंनी स्वतःच म्हटलंय ना, कुणी बोलून सांगितलं तर बरं पडतं.” आठ जणांनी माना डोलावल्या.

मी म्हणाले, “ते वाक्य माझं आहे.”

“हो, माहितीये,” ती कौतुकाने म्हणाली, “इंटरव्ह्यू तुम्हीच घेतले होते ना?”

तेवढ्यात मुंबईचे लोक स्क्रीनवर आले, आवाज येतोय का, येतोय का, सुरू झालं. मला बोलता आलं असतं. त्यांचा आवाज नीट येईपर्यंत चांगली दोन मिनिटं गेली, आणि ती दोन मिनिटं मला बरं वाटत होतं.