आधी अभय, मग सत्य

खोटं बोलणाऱ्याचं पाप किती आणि त्याला खोटं बोलायला भाग पाडणाऱ्याचं किती?

२५ एप्रिल २००५. जपानमधल्या इतामी स्थानकात एका उपनगरी गाडीचा २३ वर्षांचा मोटरमन थांब्याची जागा ओलांडून सुमारे ७२ मीटर पुढे गेला. गाडी मागे घ्यावी लागली, दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. अंतर कमी करून सांगा, अशी गळ त्याने गार्डला घातली. गार्डने नियंत्रण कक्षाला ८ मीटर कळवले. हे बोलणं ऐकण्यात मोटरमनचं लक्ष गुंतलं असावं, असं चौकशी मंडळाचं अनुमान. ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ११६ च्या वेगाने शिरली आणि आमागासाकीत एका इमारतीवर आदळली. १०७ जीव गेले. तोही त्यांतच.

चुकलेल्यांना ती रेल्वे कंपनी ‘निक्किन क्योइकु’ नावाच्या प्रशिक्षणाला पाठवत असे. दिवसचे दिवस कबुल्या लिहायच्या, बोलणी खायची. हा मुलगा त्यातून आधी गेला होता.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची सुरुवात अभयाने होते. सत्य मागून येतं. धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत विनोबांनीही निर्भयतेला या गुणांच्या सेनेच्या आघाडीवर ठेवलं. खरं सांगणाऱ्याची जिथे विटंबना होते, तिथे गार्डच्या त्या ८ मीटरांचं पाप आधी साहेबांच्या माथी जातं.

नकळत झालेल्या चुकांसाठी शिक्षा करणं त्या रेल्वे कंपनीने थांबवलं, ते २०१६ मध्ये. अपघाताला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती.