सब्र कोणी करावा?

गोवंडीच्या बैंगणवाडीत एका मित्राच्या घरी गेलो होतो. वीस वर्षांच्या मतिमंद मुलाला वहिनी घास भरवीत होत्या. रात्रभर त्यांना झोप नव्हती. मी सहज बोलून गेलो, "अल्ला सब्र देईल."

"सब्र आहे, भाईजान. याच्याजवळ तासभर बसणारं माणूस नाही."

मी खजील झालो. सब्र म्हणजे आपली सबुरीच. सोसणाऱ्याच्या ठायी तो सद्गुण; पण पाहणाऱ्याच्या तोंडी ती पळवाट होत नाही काय? 2016 च्या कायद्याने अधिक आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक-भत्त्याची तरतूद केली. शिणलेल्या मनाचा भार मात्र शेजाऱ्यानेच वाटून घ्यायचा असतो.

मी मुलाजवळ बसलो. वहिनींना पोटमाळ्यावर झोप लागली. माझा तो तास मात्र संपता संपेना.